ईस्टरला घरी माणसं येणारेत? अंडी आदल्या रात्रीच रंगवून ठेवा

आधी तारीख बघा. ईस्टर दरवर्षी सरकतो, २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार असा चर्चचा हिशोब असतो, म्हणून २०२६ ला ५ एप्रिल आणि २०२७ ला थेट २८ मार्च. पाहुण्यांमध्ये कोणी ऑर्थोडॉक्स चर्चचं (ख्रिस्ती धर्मातला एक वेगळा पंथ) असेल तर त्यांचा ईस्टर बऱ्याचदा वेगळ्याच रविवारी असतो, तेव्हा विचारून घ्या.

आता सजावट. माझं मत विचाराल तर रंगवलेली अंडी हीच सजावट, बाकी फुगे-झालरींवर पैसे घालवू नका. मी एकदा रविवारी सकाळी रंगवायला बसले आणि पाहुण्यांना दार उघडलं ते निळ्या हातांनी, तेव्हापासून हे काम शनिवारी रात्री.

रंग किचनमध्येच मिळतो. हळदीचा पिवळा येतो, कांद्याच्या सालींचा तांबूस केशरी, आणि खरी मजा जांभळ्या कोबीची, पाणी दिसतं जांभळं पण पांढरं अंडं बाहेर येतं निळं! साली किंवा चिरलेला कोबी पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, पूर्ण गार होऊ द्या, मग एक कप पाण्याला एक मोठा चमचा व्हिनेगर. व्हिनेगर कवचाला जरासं खातं म्हणून रंग धरतो, पण म्हणून जास्त ओतू नका, कवच खरबरीत होतं. उकडलेली अंडी यात बुडवून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी अलगद काढा आणि वाळू द्या, ओली असताना पुसलं तर रंग फडक्याला लागतो. वाळल्यावर तेलाचं एक बोट फिरवलं की मस्त चमकतात.

नक्षी हवी असेल तर कोथिंबिरीचं एखादं पान ओलं करून अंड्यावर चिकटवा, जुन्या पातळ स्टॉकिंगच्या तुकड्यात घट्ट गुंडाळून गाठ मारा आणि तसंच रंगात टाका. सोडल्यावर पानाचा अख्खा ठसा पांढरा उमटलेला असतो, मुलं तर वेडी होतात.

अंडी अगदी ताजी नकोत, आठवडाभर जुनी असली की सोलायला सोपी जातात. आणि १०-१२ मिनिटांत गॅस बंद करून गार पाण्यात टाका, नाहीतर पिवळ्याभोवती ती हिरवट कडा येते.

टेबलावर फुलं बुटक्या ग्लासात ठेवा, समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे, आणि मेणबत्ती बिनवासाची, जेवणाच्या वासात परफ्यूम नको. ईस्टरला लिलीची फॅशन आहे पण घरात मांजर असेल तर लिली आणूच नका, नुसते परागकण चाटले तरी तिच्या किडन्या जाऊ शकतात. ट्यूलिपही मांजराला बाधतो, मग गुलाब बरा.

जेवण असं ठरवा की निम्मं आदल्या दिवशी होईल आणि गार खाल्लं तरी चालेल, कारण सकाळची प्रार्थना आटोपून लोक आले की सगळे एकदम भुकेले असतात आणि तुम्ही गॅसपाशी अडकता. आल्याआल्या हातात प्यायला काहीतरी द्या. प्रत्येक टेबलावर टरफलांसाठी एक रिकामा वाडगा ठेवा, ही गोष्ट सगळे विसरतात. अंड्यावर अंडं आपटायचा खेळ जरूर लावा, ज्याचं फुटत नाही तो जिंकला, अनोळखी पाहुणेही दोन मिनिटांत हसायला लागतात.

मुलांसाठी अंडी लपवायची तर प्लास्टिकची किंवा चॉकलेटची लपवा. खरी उकडलेली दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिली तर खायची नाहीत, आणि किती लपवली, कुठे लपवली हे कागदावर लिहून ठेवा. आमच्याकडे एक सोफ्याच्या मागे राहिलं होतं, ते कुठे आहे हे चौथ्या दिवशी वासाने सांगितलं.