जुन्या गाडीचे हेडलाईट बदलताय? निदान या चुका तरी करू नका

जून लागला आणि त्र्यंबक-इगतपुरीकडे धुकं उतरायला लागलं की लोकांना अचानक आठवतं की आपल्या गाडीला हेडलाईट नावाची वस्तू आहे. मग फोन सुरू. गाडी जुनी, म्हणजे ८००, झेन, सँट्रो, इंडिका, एखाद्या हौशी माणसाची जिप्सी, आणि प्रश्न ठरलेला, "रात्री काही दिसतच नाही हो, एखादा चांगला बल्ब सांगा ना." मी गॅरेजवाला नाही, नाशिकच्या अंबडला कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, पण जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये हात घालायची खोड आहे त्यामुळे ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले सगळे इकडेच वळतात. आणि दरवर्षी चुका त्याच. नवीन चूक तरी करा राव.

बल्ब आधी, वायरिंग नंतर (किंवा कधीच नाही)

ही माझी सगळ्यात नावडती चूक आहे, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलणार.

यातल्या बहुतेक गाड्यांना एच-फोर नावाचा हॅलोजन बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा. अप्परला ६०, डिपरला ५५. चांगल्या कंपनीचा साधा ६०/५५, व्यवस्थित व्होल्टेज मिळालं तर, नाशिकच्या कुठल्याही रस्त्याला पुरतो. पण वीस वर्षं जुन्या गाडीत त्याला व्होल्टेज मिळतच नाही. बॅटरीतून निघालेला करंट फ्यूजबॉक्स, मग स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच, मग परत बोनेटमध्ये येऊन होल्डर, असा अख्ख्या गाडीला प्रदक्षिणा घालून येतो, तोही बारीक वायरमधून, आणि वाटेत प्रत्येक गंजलेला जोड आपापला वाटा खातो. हॅलोजनचं गणित असं आहे की व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडतो. म्हणजे बल्ब ठणठणीत, आणि तुम्ही त्याला उपाशी ठेवून वर त्यालाच शिव्या घालताय.

आता हे मोजायचं कसं, तर इथेही लोक गंमत करतात. होल्डर बल्बपासून काढतात, त्यात मीटरच्या पिना खुपसतात, मीटर बारा-साडेबारा दाखवतो, "दादा वायरिंग एकदम ओके आहे." अरे, करंटच वाहत नाही तर व्होल्टेज पडेल कुठे? बल्ब लावलेला, इंजिन चालू, लाईट चालू, आणि मग होल्डरच्या पाठीमागून पीन घालून मोजा. मी सरळ मीटरची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावतो आणि दुसरी होल्डरच्या चालू पिनेला, जो आकडा येईल तेवढं व्होल्टेज वाटेत खाल्लं गेलं. पाव-अर्धा व्होल्ट असेल तर सोडून देतो. जुन्या गाडीत एक-दीड व्होल्ट आरामात सापडतो. मग तेच अर्थच्या बाजूने करा, होल्डरची अर्थ पीन ते बॅटरीचा निगेटिव्ह. अर्ध्या केसेस इथेच संपतात. बॅटरीच्या ट्रेखाली किंवा रेडिएटरच्या पट्टीवर अर्थचा नट असतो, तो गंजून चॉकलेटी झालेला असतो, काढायचा, पॉलिश पेपरने पत्रा पांढरा करायचा, कसायचा, वरून थोडं ग्रीस. खर्च शून्य. पण शून्य रुपयाच्या कामावर कुणाचा विश्वास बसत नाही, त्यांना डब्यातला बल्बच पाहिजे असतो.

१००/९० आणि वणीचा किस्सा

तर असाच एक जण. आमच्या शेजाऱ्यांचा पुतण्या, २००३ची झेन, गाडी खरंच छान ठेवलेली. उजेड कमी म्हणून कुठूनतरी १००/९०चे बल्ब आणले आणि स्वतःच बसवले, रिले (म्हणजे जुन्या स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट थेट बल्बला सोडणारा छोटा स्विच) नाही काही नाही, जुन्याच होल्डरला खटकन लावले. मी बघितलं तेव्हाच म्हटलं की बाबा हे काढ नाहीतर रिले टाक. तर मला म्हणतो, "काका, एवढं काही होत नसतं, व्हिडिओत दाखवलंय." व्हिडिओत दाखवलंय म्हटल्यावर आपण गप्प.

हिशेब साधा आहे. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे साधारण १० अँपिअर. १०० वॅटचे दोन म्हणजे सोळा-सतरा. आणि हे सगळे अँपिअर त्या स्टिअरिंगखालच्या स्विचच्या नखाएवढ्या कॉन्टॅक्टमधून जाणार, जो मुळात दहाच्या हिशेबाने बनवलाय आणि वीस वर्षं झिजलाय.

पोरं गडावर गेली, सप्तशृंगीची आरती वगैरे करून रात्री नांदुरीकडे उतरत होती. घाटात सतत अप्पर-डिपर चालू असणारच. आधी जळका वास आला, यांना वाटलं क्लच प्लेट किंवा पुढच्या ट्रकचे ब्रेक. मग डावा गेला, आणि पुढच्या वळणाच्या आधी दोन्ही गेले. नशीब की वळणाच्या आधी. पार्किंग लाईट आणि पुढे चालणाऱ्या एका जीपच्या मागे मागे कसेबसे खाली आले आणि नांदुरीत हॉटेलच्या उजेडात गाडी लावून मला फोन, "काका, लाईट गेले." मी स्कूटरवर नाही, चांगली गाडी काढून गेलो, दिंडोरीच्या पुढे त्या वेळेला द्राक्षाचे ट्रॅक्टर, मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर, सगळी अंधारातली मिरवणूक.

बोनेट उघडलं. उजव्या होल्डरचं प्लॅस्टिक वितळून बल्बच्या पिनांवर बसलेलं, पीन निळी पडलेली, वायरचं कव्हर होल्डरपासून वीतभर कडक होऊन वाकवलं की तुटत होतं. स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं तर स्विचचा कॉन्टॅक्ट काळा ठिक्कर. आता तुम्ही म्हणाल फ्यूज का नाही उडाला? कारण कधीतरी आधी कुणीतरी तिथे ३० अँपिअरचा फ्यूज ठोकला होता, "सारखा उडतो म्हणून". फ्यूज सारखा उडत असेल तर तो काहीतरी सांगतोय ना! त्याचं तोंड बंद केलं की मग वायर बोलते.

रात्री तिथे स्विच बायपास करून एक तात्पुरती वायर ओढली, मध्ये फ्यूज टाकला, फक्त डिपर चालू केला आणि हळूहळू घरी आणली. नंतर त्याच गाडीला रिले टाकले आणि बल्ब परत साधे ६०/५५ लावले. पठ्ठ्या म्हणतो, "काका, हे तर १००/९०पेक्षा जास्त पडतंय." पडणारच. पहिल्यांदाच बल्बला पोटभर मिळालं.

रिले टाकताना माझी पद्धत अशी. दोन रिले, एक अप्परचा एक डिपरचा. बॅटरीतून २.५ स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीपासून हातभर नव्हे, वीतभर अंतरातच फ्यूज (मी १५चा टाकतो), तिथून रिलेची ३० नंबरची पीन, ८७मधून बल्ब. जुना होल्डर आता फक्त ८५-८६ची कॉईल (रिले ओढणारं तारेचं वेटोळं) चालवणार, ती पाव अँपिअरसुद्धा ओढत नाही, म्हणजे तुमचा जुना स्विच पेन्शनवर गेला. अर्थपण नवीन ओढा, ती जुनीच ठेवली तर अर्धं काम झालं. पाच पायांचा रिले मिळाला तर मधली ८७ए रिकामी सोडायची, तिला बल्ब जोडलात तर लाईट बंद केल्यावर लागतील. होल्डर सिरॅमिकचे घ्या. आणि कृपा करून घरातल्या फिटिंगची एकतारी वायर वापरू नका, ती इंजिनच्या थरथरीने आतल्या आत तुटते आणि बाहेरून काही कळत नाही. जोड पिळून वर चिकटपट्टी हा प्रकार तर मी बघितला की हातच लावत नाही, आधी थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची पीन) आणि स्लीव्ह (जोडावर चढवायची नळी) घेऊन या मग बोलू.

अजून एक, तयार हार्नेस (रिले, वायर, होल्डर जोडलेला संच) मिळतात, सोपं काम आहे, मी नाही म्हणत नाही. पण काही जुन्या गाड्यांत, विशेषतः जपानी घराण्यातल्या, स्विच पॉझिटिव्हला नसतो तर अर्थला असतो. होल्डरच्या कॉमन पिनेला कायम बारा व्होल्ट आणि अप्पर-डिपरच्या पिना स्विच अर्थ करतो. त्यात साधा हार्नेस लावला की अप्पर लागत नाही किंवा भलतंच काहीतरी लागतं, आणि माणूस चार दिवस हार्नेसवाल्याशी भांडतो. आधी मीटर लावा, कुठल्या पिनेला काय येतंय ते कागदावर लिहा, मग पैसे द्या.

रिफ्लेक्टरमध्ये एलईडी

"पांढरा पडतो, भारी दिसतो." समोरच्याला विचारा किती भारी दिसतो ते.

एच-फोरमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी वाटी असते, ती खालचा उजेड अडवते म्हणून डिपरला वरची रेघ कापल्यासारखी येते. रिफ्लेक्टरचा (बल्बमागच्या चकचकीत आरशाचा) सगळा आकार त्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो. स्वस्त एलईडीत चिप दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे असली की संपलं, उजेड झाडांवर, बोर्डांवर आणि समोरच्या स्कूटरवाल्याच्या डोळ्यात, आणि तुमच्या पुढचा रस्ता तसाच काळा. तुम्हाला वाटतं उजेड वाढला कारण गाडीच्या पुढचे दहा फूट पांढरेशुभ्र झाले. त्याने उलट तुमचीच नजर आखडते, लांबचं अजून दिसेनासं होतं. एचआयडीचं (झेनॉन लाईटचं) किट रिफ्लेक्टरमध्ये घातलं तर हेच, फक्त दुप्पट.

यातून पुढे अजून एक प्रकरण निघतं. एलईडीच्या मागे पंखा असतो, तो बल्बमागच्या रबरी टोपीत, म्हणजे बुटात, मावत नाही, म्हणून लोक बूट कापतात किंवा काढूनच फेकतात. मग पहिल्या पावसाळ्यात आत पाणी, धूळ, दुसऱ्या पावसाळ्यात रिफ्लेक्टरची चांदी पापुद्रे धरते. आता त्यात हॅलोजन परत टाका नाहीतर सूर्य टाका, उजेड पडणार नाही, अख्खी असेंब्ली बदला. वर रेडिओवर खरखर सुरू होते ती वेगळीच.

कसारा घाटात किंवा सापुताऱ्याला धुक्यात अप्पर मारून चालवणारे पण याच पंथाचे. धुक्यात अप्पर मारला की तुमचाच उजेड तुमच्यावर परत येतो. डिपर ठेवा, फॉगलॅम्प असेल तर तो लावा आणि वेग कमी करा, यावर दुसरा उपाय नाही आणि कुठला बल्बही नाही.

फोकस सेट न करणं

बल्ब बदलला, असेंब्ली बदलली, बोनेट आपटलं, झालं. नाही झालं. गाडी सपाट जागी भिंतीसमोर पाच मीटरवर लावा. मी सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी एमआयडीसीत गोडाऊनच्या भिंतीसमोर करतो, वॉचमन आता ओळखतो. टायरमध्ये हवा बरोबर, एक जण सीटवर बसलेला. बल्बच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची मोजा, तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारा. डिपरची वरची कड त्या रेघेच्या साधारण पाच सेंटीमीटर खाली आली पाहिजे, म्हणजे शंभराला एक असा उतार. एकेक लाईट कापडाने झाकून दुसरा बघा. उजवीकडे कड सरळ आणि डावीकडे वर चढलेली दिसली पाहिजे, कारण आपण डावीकडून चालतो. ती उलटी, उजवीकडे चढताना दिसली तर तुम्ही बाहेरच्या देशातल्या रस्त्यांसाठी बनवलेला लाईट ऑनलाईन मागवलाय, तो कितीही फिरवा, समोरच्याच्या डोळ्यातच जाणार. परत पाठवा.

जुन्या गाडीत फोकसचा स्क्रू फिरवताना तो आतल्या प्लॅस्टिकच्या क्लिपसकट तुटतो, हे गृहीत धरून आधीच क्लिपा आणून ठेवा. खड्ड्यात उजेड नाचत असेल तर तेच तुटलेलं असतं. आणि मागचे पाटे बसलेले असतील, वर डिकीत गॅस सिलिंडर, तर फोकस आभाळातच जाणार, त्याला हेडलाईट काय करेल.

पिवळी काच आणि टूथपेस्ट

टूथपेस्टने घासली की एक महिना चमकते, नंतर आधीपेक्षा जास्त पिवळी. कारण प्लॅस्टिकच्या काचेवर उन्हापासून वाचवणारा थर असतो, तोच तुम्ही घासून काढला. करायचंच तर ओल्या पॉलिश पेपरने, आधी ८०० नंबरचा, मग १५००, २०००, मग पॉलिशचं कंपाऊंड, आणि शेवटी यूव्हीवाला क्लिअरकोट (ऊन अडवणारा पारदर्शक थर) मारायचाच. शेवटचा टप्पा गाळणार असाल तर पहिलाही करू नका. खऱ्या काचेचे जुने हेडलाईट असतील तर हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी नाही, तुम्ही नशीबवान.

बाकीच्या किरकोळ.

हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डाग तापून काच तिथेच फुगते किंवा तडकते. लागलंच तर स्पिरिटने पुसा.

निळ्या काचेचे "एक्स्ट्रा व्हाईट" बल्ब म्हणजे तेच वॅट आणि निळा रंग त्यातला थोडा उजेड खातो. यावर जास्त बोलत नाही.

एच-फोरचे तीन कान सारख्या अंतरावर नसतात, एकाच पद्धतीने बसतो. बसत नसेल तर फिरवा, ठोकू नका.

हेडलाईटच्या मागची छोटी नळी म्हणजे हवा जायची वाट आहे, सिलिकॉनने बुजवू नका, आत वाफ धरेल.

१५ वर्षं झालेली गाडी परत पासिंगला पेठ रोडच्या आरटीओत न्यायची असेल तर लाईट बघतात. ओरिजिनल बल्ब आणि होल्डर डब्यात जपून ठेवा, आदल्या रात्री मला फोन करू नका.

अप्पर लावल्यावर दोन्ही फिलामेंट मंद मंद लागत असतील तर बल्ब विकत घेऊ नका, अर्थ गेली आहे. आणि एकाच बाजूचा मंद असेल तर डावा बल्ब उजवीकडे, उजवा डावीकडे लावून बघा. मंदपणा बल्बबरोबर गेला तर बल्ब, जागेवरच राहिला तर वायरिंग. हे करायला पाच मिनिटं लागतात, ते करूनच मला फोन करा.