कॅलिफोर्नियात गर्भनिरोधके मोफत मिळवायची असतील तर आधी विम्याचा प्रकार पाहा

कॅलिफोर्नियाचा कायदा या बाबतीत भक्कम आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदारांनी गर्भनिरोधके वापरण्याचा किंवा नाकारण्याचा हक्क थेट राज्यघटनेत घातला. त्याच वर्षी मंजूर झालेल्या एसबी ५२३ या राज्याच्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२४ पासून विम्याने डॉक्टरच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या गोळ्यांचा आणि कंडोमचाही खर्च उचलायचा आहे. पुरुष नसबंदीही त्यात आली. तरीही अनेकांना खिशातून पैसे द्यावे लागतात, कारण त्यांचा विमा राज्याच्या कायद्याखाली येतच नाही.

म्हणून एचआरला ईमेलने एवढेच विचारा: प्लॅन सेल्फ-फंडेड (खर्च कंपनी स्वतः भरते) आहे की फुली इन्शुअर्ड (खर्च विमा कंपनी भरते)? मोठ्या कंपन्या, आयटीतल्याही, बरेचदा उपचारांचा खर्च स्वतःच भरतात. कार्डावरची विमा कंपनी फक्त दावे हाताळते. अशा सेल्फ-फंडेड प्लॅनला १९७४ चा एरिसा हा केंद्रीय कायदा लागतो, राज्याचा नाही. असा प्लॅन असेल तर फार्मसीत चिठ्ठी घेऊनच जा. चिठ्ठीवर मिळणारी स्त्रियांची गर्भनिरोधके केंद्रीय नियमाने बहुतेक प्लॅनमध्ये मोफत असतात. पुरुष नसबंदीचा खर्च मात्र अंगावर पडू शकतो.

प्लॅन फुली इन्शुअर्ड असेल तर नेटवर्कमधल्याच फार्मसीत जा. ओपिल या चिठ्ठीविना मिळणाऱ्या गोळीचे पाकीट उचलून बाहेरच्या कॅश काउंटरवर नेऊ नका. तिथे विम्याचे बिल होत नाही आणि नंतर परतावा मागत बसावे लागते. औषधांच्या खिडकीवर कार्ड द्या. (ओपिल रोज ठरल्या वेळी घ्यायची, तीन तासांहून अधिक उशीर झाला तर पुढचे ४८ तास कंडोम वापरा.)

नेहमीची गोळी, पॅच किंवा रिंग असेल तर एकदम १२ महिन्यांचा साठा मागा. भारतात लांब मुक्कामाला जाणाऱ्यांनी तर मागाच. चिठ्ठीत महिन्याचे पाकीट आणि पुढचे रीफिल लिहिलेले असले, तरी तुम्ही मागितल्यावर फार्मासिस्टने ते एकत्र द्यायचे असतात. डॉक्टरांनी मनाई लिहिली असेल तरच नाही. संगणकाने दावा नाकारला तर तिथूनच विमा कंपनीला फोन करायला सांगा.

डॉक्टरची वेळ मिळत नसेल तर प्रशिक्षित फार्मासिस्टही गोळ्या देऊ शकतात. आधी आरोग्याची प्रश्नावली भरावी लागते. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांसाठी रक्तदाबही मोजतात, कारण तो जास्त असताना त्या घेतल्यास पक्षाघाताचा धोका वाढतो. काही दुकाने सल्ल्याचे शुल्क घेतात, ते आधी विचारा.

विमा नवऱ्याच्या किंवा आईवडिलांच्या नावावर आहे? एबी ११८४ या राज्याच्या कायद्यानुसार गर्भनिरोधकांबाबतची विम्याची पत्रे तुमच्याच नावाने यायला हवीत. पण वेगळा पत्ता दिला नसेल तर ती घरच्याच पत्त्यावर येतात. म्हणून औषध घेण्याआधी विमा कंपनीला ‘कॉन्फिडेन्शियल कम्युनिकेशन रिक्वेस्ट’, म्हणजे पत्रे वेगळ्या पत्त्यावर पाठवण्याची विनंती, द्या. फोनवर किंवा ऑनलाइन दिली तर ७ दिवसांत लागू होते, टपालाने १४ दिवसांत.

नकार मिळाला तर तो लेखी मागा आणि विमा कंपनीकडे तक्रार नोंदवा. ३० दिवसांत सुटली नाही तर डीएमएचसी या आरोग्य विम्यावर देखरेख करणाऱ्या राज्याच्या खात्याच्या १-८८८-४६६-२२१९ वर फोन करा. सेल्फ-फंडेडची तक्रार मात्र केंद्रीय कामगार खात्याकडे जाते.

विमाच नसेल आणि उत्पन्न केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या २०० टक्क्यांपर्यंत असेल तर फॅमिली पॅक्ट हा राज्याचा कुटुंबनियोजन कार्यक्रम घेणारे क्लिनिक गाठा. नोंदणी तिथेच, त्याच भेटीत होते.