परीक्षेआधी वाचनाची उजळणी

तिसरी-चौथीच्या मुलांची वाचनाची परीक्षा जवळ आली की मी नवं काही शिकवत नाही. रोज वीस मिनिटं, एकच छोटा उतारा. आधी मूल तो मोठ्याने वाचतं. अडखळेल तिथे मी पेन्सिलने बारीक टिंब देते. बहुतेकदा गाडी अडते ती जोडाक्षरांवर, नाहीतर लांब वाक्याच्या मधोमध. तेवढंच पुन्हा वाचून घ्या.

मग प्रश्न. खरा वेळ इथे द्या. उत्तर बरोबर आलं तरी विचारा, "कशावरून? बोट ठेव." समजा, उताऱ्यात आहे : 'मीनाने ओली छत्री झटकली आणि दाराशी ठेवली.' प्रश्न : बाहेर काय चाललं होतं? 'पाऊस' हा शब्द कुठेच नाही, तरी बोट 'ओली'वर गेलं पाहिजे. मुलं नेमकी इथेच चुकतात, कारण ती उत्तराचा आयता शब्द शोधत बसतात. हा सराव मी कधीच गाळत नाही.

बहुपर्यायी प्रश्नात पर्याय झाकून आधी स्वतःचं उत्तर सांगायला लावा. 'नाही', 'चुकीचे' असे शब्द प्रश्नात दिसले की अधोरेखित करायचे. शीर्षक देणं, घटनांचा क्रम लावणं एकेकदा झालं तरी पुरे.

आदल्या दिवशी सराव नकोच. मुलाच्या आवडीची गोष्ट तुम्हीच वाचून दाखवा.