मंद आचेवरचं मटण, आणि कुठली भाजी कधी घालायची

बोकडाच्या मटणाला मंद आचेवर दोन तास लागतात, बटाट्याला पंचवीस मिनिटं, मेथीला पाच. तिन्ही एकदम पातेल्यात टाकले तर मटण शिजेपर्यंत बटाट्याचा लगदा होतो आणि मेथी कुठे गेली ते कळत नाही. भाजी घालून केलेलं मटण बहुतेक वेळा मसाल्याने बिघडत नाही, या वेळेच्या हिशेबाने बिघडतं.

मटण शनिवारीच आणा

पुण्यात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांग लागते आणि घरी आणलेलं मटण तासाभरात गॅसवर चढतं. तिथेच पहिली चूक होते. बोकड कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात आणि मग हळूहळू सैल पडतात. आखडलेल्या अवस्थेत शिजवलेलं मटण कितीही उकळा, चावताना रबरासारखं लागतं. शनिवारी संध्याकाळी आणून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं, तर त्याच दुकानातलं मटण रविवारी चांगलं मऊ होतं.

चार-पाच माणसांसाठी पाऊण किलो घ्या. दुकानात ‘रश्श्यासाठी हवंय, खांदा आणि मान द्या, थोडी चाप आणि दोन नळ्या’ असं सांगा. तुकडे दीड इंचाचे. त्याहून लहान तुकडे दोन तासांत विस्कटतात. नुसती मांडी मागू नका. दिसायला ती छान असते, पण तिच्यात चरबी आणि पांढरे पडदे कमी, त्यामुळे मंद आचेवर कोरडी पडते. खांद्यातले आणि मानेतले हे चिवट पडदेच इथे कामाचे आहेत. त्यांतलं कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, आणि पीठ न लावताही रस्सा ओठाला किंचित चिकटतो.

घरी आणल्यावर पाण्यात एकदा धुवा, निथळवा आणि २ सपाट लहान चमचे मीठ, अर्धा चमचा हळद आणि दीड मोठा चमचा आलं-लसणाची गोळी चोळून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभरात मीठ आतपर्यंत जातं.

पातेलं आणि आच

जाड बुडाचं पातेलं हवं. बुड पातळ असेल तर गॅसवर लोखंडी तवा आणि त्यावर पातेलं ठेवा. आच सगळीकडे सारखी पसरते. लहान बर्नर वापरा. इंडक्शनवर कमी पॉवर ठेवली की बऱ्याच शेगड्या थांबून-थांबून जोरात तापतात आणि रस्सा खाली लागतो, म्हणून तिथे दर दहा मिनिटांनी तळ खरवडून पाहा.

३ मोठे चमचे तेल तापवून त्यात २ तमालपत्रं, ४ लवंगा, ६ मिरे आणि बोटाच्या पेराएवढी दालचिनी घाला. मग २ मध्यम कांदे बारीक चिरून बदामी होईपर्यंत परता, साधारण बारा मिनिटं. कांदा काढून ठेवा आणि त्याच तेलात मटण दोन खेपांत परता. सगळं एकदम टाकलं की पातेलं थंड पडतं, मटणाला पाणी सुटतं आणि ते परतण्याऐवजी उकडतं. पाणी आटून कडेने तेल दिसायला लागलं आणि तुकड्यांना तपकिरी रंग आला की कांदा परत घालून ६०० मिली कडकडीत पाणी ओता. गार पाण्याने उकळी मोडते आणि ती पुन्हा धरेपर्यंत उगाच वेळ जातो.

एक उकळी आली की गॅस अगदी बारीक. पृष्ठभागावर इकडे एक, तिकडे एक बुडबुडा, एवढंच. खळाखळा उकळलं तर स्नायूंचे धागे आवळून आतला रस बाहेर पडतो. मग मटण रश्श्यात बुडालेलं असूनही कोरडं लागतं. पातेल्यावर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी घाला. आतली वाफ ताटाला लागून खाली ठिबकते, आणि आत पाणी कमी पडलं तर ताटातलं गरम पाणी हाताशी असतं. दर वीस-पंचवीस मिनिटांनी एकदा हलवा.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. किनाऱ्यावरच्या पाककृतीतली वेळ इथे थोडी कमी पडते.

भाजीची पाळी

दीड तासाने एक तुकडा बाहेर काढून पाहा. मांस हाडापासून मागे सरकलेलं हवं, आणि चमच्याने दाबल्यावर दबलं पाहिजे पण तुटता कामा नये. आता अर्धा तास उरला, असं समजून भाज्या घाला. दाबल्यावर तुकडा परत उसळत असेल तर आणखी वीस मिनिटं थांबा. जून बोकडाला अडीच-तीन तासही लागतात, आणि घाई करून भाजी घातली तर नंतर काहीच हाती राहत नाही.

भाज्या सगळ्या मिळून अर्धा किलोपर्यंत. गाजर आणि नवलकोल, इंचभर तुकडे, पहिल्यांदा. त्यांना तीस मिनिटं लागतात. बटाट्याच्या चार फोडींना पंचवीस. ताज्या पावट्याला वीस, शेवग्याच्या शेंगांना सतरा-अठरा, घेवड्याला पंधरा, सोललेल्या मटारला दहा. मेथी किंवा मुळ्याचा कोवळा पाला शेवटच्या पाच मिनिटांत. सगळं एका वेळी घालू नका. एक कंद, एक शेंग आणि हवी तर एक पालेभाजी, एवढं पुरतं. थंडीत महात्मा फुले मंडईत ताजा पावटा आला की तो नक्की घाला (मार्गशीर्षातले गुरुवार पाळत असाल, तर ते वगळून). पावट्याचा किंचित कडवट वास मटणाच्या चरबीला फार चांगला पेलतो.

वाटण आणि आंबट

मटण शिजत असताना वाटण करा. सुक्या खोबऱ्याचा ३० ग्रॅमचा तुकडा थेट आचेवर काळसर डाग पडेपर्यंत भाजून कापा. एक उभा चिरलेला कांदा, २ लहान चमचे धणे आणि एक चमचा खसखस थोड्या तेलात खमंग परता. थोडं पाणी घालून सगळं अगदी गुळगुळीत वाटा. हे वाटण कच्चं ओतायचं नाही. चमचाभर तेलात दोन लहान चमचे कांदा-लसूण मसाल्याबरोबर तेल सुटेपर्यंत परता, आणि पहिली भाजी घालतानाच रश्श्यात मिसळा. सुरुवातीलाच घातलं तर खोबरं तळाशी बसतं आणि दोन तासांत करपतं. तरीही खाली लागलंच, तर ढवळू नका. वरचं दुसऱ्या पातेल्यात ओता आणि तळ तसाच सोडून द्या.

आंबट मात्र सगळ्यात शेवटी. आमसूल, टोमॅटो किंवा चिंच आधी पडली की भाज्या निबर राहतात, कारण आंबटपणामुळे त्यांच्या पेशी धरून ठेवणारं पेक्टिन विरघळत नाही. बटाट्यात सुरी सहज जाते हे पाहा, मगच ३ आमसुलं घाला आणि दहा मिनिटं ठेवा. मीठ आता चाखा. भाज्यांमुळे बहुतेक अर्धा चमचा वाढवावं लागतं.

गॅस बंद करून वीस मिनिटं झाकून ठेवा. तवंग जास्त वाटला तर पळीने काढून वाटीत ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यात भात परतता येतो.

वेळच नसेल तर कुकर. पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर वीस मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली तर आतला रस्सा एकदम उसळतो आणि मटण आखडतं. झाकण उघडल्यावर भाज्या घालून पुढचं सगळं उघड्या पातेल्यासारखंच करा, कुकर परत लावू नका.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. फ्रीझरमध्ये ठेवायचं असेल तर बटाटे आधी वेचून खाऊन टाका. गोठलेला बटाटा वितळल्यावर पाणचट आणि भुसभुशीत होतो.