सुक्कोथचा मांडव घालताय? या चुका टाळा

सुक्कोथ हा आम्हा ज्यू लोकांचा मांडवांचा सण. त्यासाठी मांडववाल्याला आपल्याला एकच गोष्ट पटवायची असते आणि तीच त्याच्या गळी उतरत नाही: छप्पर गळकं हवं.

आमच्या मशिदीच्या अंगणात सुक्कोथचा मांडव घालायचं काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं, तेव्हा मी मांडववाल्याला जागा दाखवली, झावळ्यांचा ढीग दाखवला आणि निर्धास्तपणे कामावर गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर वर निळी ताडपत्री, तिच्याखाली पांढऱ्या कापडाचं छत, कडेनं लाल झालर, मधोमध झुंबर. झावळ्या शोभेसाठी बाहेरच्या बाजूला बांधलेल्या. "काका, एक थेंब आत येणार नाही, गॅरंटी," तो म्हणाला. सूर्य कलला होता. सण लागला की बांधाबांध करता येत नाही. अर्ध्या तासात चौघांनी मिळून झुंबरासकट सगळं उतरवलं आणि झावळ्या वर चढवल्या. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो.

(मशीद म्हणजे सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ. आम्हा बेने इस्रायली, म्हणजे कोकण-मुंबईकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांच्या बोलण्यात हाच शब्द. मुंबईचं 1796 सालचं पहिलं सिनेगॉग आजही 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखलं जातं.)

चूक त्याची नव्हती. महाराष्ट्रात मांडव म्हणजे ऊन-पाऊस अडवणारी गोष्ट. लग्नाचा असो वा गणपतीचा, वरून टपकलं की मांडववाल्याची अब्रू गेली. सुक्का, म्हणजे या सणाचा मांडव, मात्र मुद्दाम कच्चा घालायचा असतो. मिसरमधून (इजिप्तमधून) सुटल्यावर पूर्वज रानात खोपटांत राहिले, त्याची आठवण म्हणून सात दिवस पक्क्या छपराखालून बाहेर यायचं. त्यामुळे आपल्याला मांडव घालता येतो या भरवशावरच आपण सगळ्यात जास्त चुकतो.

छपराच्या चुका

छप्पर जमिनीतून उगवलेल्या आणि तोडलेल्या वस्तूचं हवं. झावळ्या, बांबू, फांद्या, ऊस, सगळं चालतं. कापड, प्लास्टिक, पत्रा चालत नाही. आत उन्हापेक्षा सावली जास्त हवी, पण रात्री फटींतून चांदण्या दिसाव्यात आणि जोराच्या पावसाचं पाणी आत यावं. दाटी करण्याच्या नादात झावळ्यांचे चार-चार थर दिले की तो सुक्का उरत नाही. उलट, एका ठिकाणी वीतभरापेक्षा मोठं भगदाडही राहू देऊ नका.

चटईबद्दल दरवर्षी वाद होतो. बसा-झोपायची चटई वर घातली तर चालत नाही, कारण ती वापरायची वस्तू झाली. कोकणात झावळ्या विणून केलेले झाप मुळात छपरासाठीच असतात, आणि सावलीसाठी विणलेली चटई मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, मान्य आहे. तरी आपल्या हज्जानला (मशिदीत प्रार्थना चालवणाऱ्याला) विचारून घ्या आणि झाप इतके घट्ट बसवू नका की पाणीच थांबेल. मी सरळ सुट्या झावळ्या वापरतो. आंब्याचे टाळे टाळतो. तिसऱ्या दिवशी वाळून पानं ताटात पडायला लागतात.

मांडववाल्याकडे हल्ली लोखंडी पाइप असतात. ते उभे करायला हरकत नाही, पण झावळ्या थेट पाइपांवर टेकवण्यापेक्षा मध्ये आडवे बांबू घाला. आधी बाजू उभ्या करा, छप्पर शेवटी.

आता गावाकडची खास चूक. अलिबाग, पेण, रेवदंड्याच्या बाजूला परसात पडवळाचा नाहीतर दुधीचा मांडव तयारच असतो. हिरवागार, थंडगार. त्याखाली टेबल टाकलं की झालं, असं वाटतं. होत नाही. वेल मुळाशी जोडलेला आहे तोवर ते छप्पर धरलं जात नाही. गंमत म्हणजे मिश्नात द्राक्षवेलाबरोबर भोपळ्याच्या वेलाचंही नाव आहे. म्हणजे हा मोह दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनाही झाला होता. वेल कापून, उचलून पुन्हा ठेवला तर चालेल, पण ऐन धरलेला दुधी कोण कापणार?

तीच गोष्ट झाडाची. अंगणातल्या आंब्याखाली सावली आहे म्हणून तिथेच मांडव घालू नका. वर उघडं आकाश लागतं. शहरात या चुकीचा अवतार म्हणजे गॅलरी. तुमच्या गॅलरीवर वरच्या मजल्याची गॅलरी असेल तर कितीही झावळ्या बांधा, ती सजावटच राहते. गच्ची बघा, नाहीतर मशिदीत या.

कनात फडफडते

बाजूंना कनात लावतात आणि चिखल लागू नये म्हणून ती जमिनीपासून हात-दीड हात वर बांधतात. खालची फट वीतभराच्या आत हवी, साधारण 24 सेंटिमीटरच्या आत. आणि वाऱ्यानं कापड आत-बाहेर होत असेल तर ती भिंत नव्हे. खालून ताणून बांधा, किंवा वीत-वीत अंतरावर आडव्या दोऱ्या कंबरेच्या उंचीपर्यंत ओढून घ्या; मग कापड नुसतं आडोशाला. अशा किमान तीन बाजू धडपणे उभ्या करा. मशिदीची एखादी भिंत धरली तर काम निम्मं होतं.

ताडपत्री हवीच, पण दोरीवर

सण ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या 15 तारखेला, म्हणजे पौर्णिमेला लागतो. कधी ती कोजागिरी असते, 2024 आणि 2025 मध्ये होती तशी. कधी भाद्रपदातली पौर्णिमा येते, आणि मग हस्ताचा पाऊस ठरलेला. दिवसभर लख्ख ऊन, चारला ढग, साडेपाचला गडगडाट.

घाबरून ताडपत्री पक्की बांधू नका. दोन्ही बाजूंना दोऱ्या लावून ती पडद्यासारखी ओढता येईल अशी करा. पाऊस आला की ओढायची, थांबला की सारायची. बसताना ती वर असली तर सुक्क्यात बसल्याचं धरलं जात नाही. सणाच्या दिवशी नवं आच्छादन पसरता येत नाही, म्हणून आदल्या दिवशीच ती चार बोटं पसरलेली ठेवतात. मग ओढणं हे आधीच्याला वाढवणं ठरतं. हे बारकावे हज्जानकडून एकदा समजून घेतलेले बरे.

उलट टोकाची चूकही बघितली आहे. एक मावशी भिजत बसल्या होत्या, ताटात पाणी, डोक्यावर पदर. "देवाची आज्ञा आहे रे." आज्ञा अशी नाही. शिजवलेलं अन्न नासेल इतका पाऊस पडायला लागला की उठून आत जायची मुभा मिश्नातच दिली आहे, आणि आत जेवताना सुक्क्यात बसण्याची बेराखा (आशीर्वादाची प्रार्थना) म्हणायची नाही. अन्न वाचवा, मावशींना आत न्या.

दिव्यांचं थोडक्यात: वाळत्या झावळ्यांखाली उघडी ज्योत नको, उघडे वायरजोड नकोत, आणि टायमर आदल्या दिवशी लावून त्यावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवा. कोणीतरी मोबाइल चार्ज करायला तो काढतोच.

टांगलेली फळं खायची नाहीत

सुगीचा सण असल्यामुळे मांडवात फळं टांगायची हौस सगळ्यांना. टांगा, पण ती शोभेची झाली की सण संपेपर्यंत खायची नाहीत, गळून खाली पडलेलीसुद्धा. पोरांना हे आधी सांगा. आणि पिकलेल्या केळ्यांचा घड कधीच टांगू नका. आम्ही टांगला होता. दुसऱ्या रात्री चिलटं, तिसऱ्या रात्री वटवाघळं आणि चौथ्या दिवशी सेफरच्या (तोराच्या गुंडाळीच्या) नावानं दान देणाऱ्या एका पाहुण्याच्या सदऱ्यावर केळं. नारळ, लाल भोपळा, कच्ची केळी, बाजरीची कणसं, ऊस, मोसंबी हे आठवडाभर टिकतं. सजावट छपराला लागून, फूटभराच्या आतच लोंबू द्या.

चार वनस्पतींचा घोळ

बायबलमधल्या लेवीय 23:40 मध्ये सांगितलेल्या, सणात हातात घ्यायच्या चार वनस्पती म्हणजे एथ्रोग, लुलाव (खजुराची मिटलेली झावळी), हदास आणि अरावा. पैशांचा आणि मनस्तापाचा सगळ्यात मोठा हिस्सा इथे जातो.

एथ्रोग म्हणजे आपलं महाळुंग. तेच फळ कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे, त्यामुळे नाव सांगितलं की म्हातारे फळवाले ओळखतात. नवी पोरं इडलिंबू काढून देतात. महाळुंगाची साल जाड, खडबडीत, आत गर नावाला आणि रस त्याहून कमी. अडचण अशी की बाजारातलं झाड कलमी आहे का हे फळवाल्याला ठाऊक नसतं, आणि लिंबाच्या खुंटावर बांधलेल्या कलमाचं फळ चालत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी इस्रायलहून संच मागवतात. मागवणार असाल तर रोश हाशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, उजाडायची वाट बघू नका. झाडपाल्याचं पार्सल तपासणीत अडकतं.

फळाच्या टोकाला पितोम नावाची नाजूक काडी असते. ती झाडावर असतानाच गळाली असेल तर हरकत नाही, पण नंतर मोडली तर पहिल्या दिवसासाठी फळ बाद. आमच्याकडे एकानं देठ समजून ती प्रेमानं खुडून 'साफ' केली होती. फळ हिरवं असेल तर पिकलेल्या सफरचंदांसोबत डब्यात ठेवा, पिवळं होतं.

हदासचा गोंधळ नावामुळे होतो. या झुडपाला विलायती मेंदी म्हणतात, आणि नर्सरीवाला 'विलायती' गाळून मेंदी देतो. आपल्याकडे लग्नाची मेंदी घरोघर, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. ओळख सोपी: पान चुरगाळलं की उग्र सुवास येतो, उजेडात धरलं की बारीक ठिपके दिसतात, आणि चांगल्या काडीला एकाच पेरातून तीन-तीन पानं फुटलेली असतात.

अरावाची पानं लांबट, कड गुळगुळीत हवी. करवती कडेचं, गोल पानाचं झाड तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या जुन्या चर्चाग्रंथात, वेगळं काढलेलं आहे. नदीकाठचं वाळुंज याच कुळातलं असलं तरी त्याच्या पानाच्या कडेला बारीक दाते असतात, म्हणून फांदी तोडून आणण्याआधी एक पान हज्जानला दाखवा. अरावा सगळ्यात आधी सुकतो. ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि सणाच्या मधल्या दिवसांत काड्या बदला. होशाना रब्बासाठी, म्हणजे सणाच्या सातव्या दिवसासाठी, पाच काड्यांची जुडी लागते, ती वेगळी सांगून ठेवा. लुलाव घेताना मधल्या पानाचं टोक चिरलेलं नाही ना, एवढं बघा.

एक संच, चाळीस माणसं

लहान मशिदीत संच एकच असतो आणि रांग लागते. पहिल्या दोन दिवशी लुलाव स्वतःच्या मालकीचा असावा लागतो. उसना चालत नाही. म्हणून देणाऱ्यानं 'परत देण्याच्या अटीवर भेट' असं म्हणून द्यायचं आणि घेणाऱ्यानं बेराखा झाल्यावर तसाच परत करायचा. नुसतं "घे, पकड जरा" म्हटलं की घोळ. यातली खरी मेख लहान मुलांत आहे. मूल वस्तू स्वीकारू शकतं, पण कायद्यानं परत देऊ शकत नाही! म्हणजे रांगेत मध्येच कौतुकानं नातवाच्या हाती दिला तर त्याच्यामागच्या सगळ्यांची पंचाईत. मुलांना शेवटी द्या. आजोबा रागावतील, रागावू द्या.

बेराखा म्हणण्याआधी एथ्रोगचं पितोम खाली असतं, म्हणून झाली की फळ सुलटं करायचं. लुलाव उजव्या हातात, एथ्रोग डाव्या. घाईत दोन्ही एका हातात घेऊन दुसऱ्या हातानं फोटो काढणारे असतात. त्यांना काय सांगणार.

तारखा बघून मांडव ठरवा

मांडववाला विचारतो, "किती दिवस?" आपण म्हणतो, "सात." आठव्या दिवशी सकाळी टेम्पो दारात. सात दिवस सुक्कोथचे, पण त्याला जोडून शेमिनी अत्सेरेथ आणि सिमहाथ तोरा हे सण येतात आणि त्या दोन दिवशी काहीही उतरवता येत नाही. तेव्हा बांधणीचा दिवस धरून अकरा दिवसांचं भाडं ठरवा.

2026 चं कोष्टक तर आताच लिहून ठेवा. सण शुक्रवार 25 सप्टेंबरच्या संध्याकाळी लागतो आणि त्याच दिवशी अनंत चतुर्दशी आहे. मुंबई-ठाण्यात त्या संध्याकाळी ना टेम्पो मिळणार, ना मांडववाला, ना सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष वेळेवर पोचणार. मांडव बुधवारपर्यंत उभा हवा आणि लांबून येणाऱ्यांना दुपारीच बोलवा. शिवाय पहिला दिवस शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, म्हणून त्या दिवशी लुलाव घ्यायचा नाही, रांग रविवारी. सिमहाथ तोरा रविवार 4 ऑक्टोबरला, म्हणजे टेम्पो सोमवारी.

उतरवल्यावर झावळ्या कचराकुंडीत फेकू नका. लुलाव वाळवून ठेवतात. पेसाहच्या (वल्हांडण सणाच्या) आधी हामेत्स, म्हणजे खमिराचं अन्न, जाळताना कामी येतो. महाळुंगात लवंगा खोचून हावदालाच्या (शब्बाथ संपतानाच्या विधीच्या) सुवासासाठी ठेवा, नाहीतर लोणचं घाला. लोणचं सालीचंच होतं. पांढरा भाग काढायचा नाही, फोडी बारीक करायच्या, मिठाला हात सैल सोडायचा आणि बरणी महिनाभर उघडायची नाही.