पुण्यात राहून कॅन्सर नोंदणीचं काम कसं शिकावं

कॅन्सरच्या आकड्यांवर काम करायचं ठरलं की आपल्याकडची मुलं-मुली पहिल्यांदा डेटा सायन्सचा कोर्स शोधतात. माझं स्पष्ट मत आहे, सुरुवात तिथून करू नये. आधी एक नोंद कशी तयार होते ते शिकावं, मग आजाराला कोड देणं, मग डेटाबेस. दर काढणं आणि आलेख या गोष्टी त्यानंतर. नोंद चुकली तर पुढचं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर चुकतं, आणि त्या उत्तरावर कुठे तपासणी केंद्र उघडायचं, कुठे रेडिएशनचं मशीन द्यायचं हे ठरत असतं.

आधी रजिस्ट्री समजून घ्या

रुग्णालयातली रजिस्ट्री, म्हणजे कॅन्सर नोंदणी, तिथे आलेल्या रुग्णांची नोंद ठेवते. लोकसंख्येवर आधारित रजिस्ट्री ठरावीक भागात राहणाऱ्या प्रत्येक नव्या रुग्णाची नोंद ठेवते, मग तो उपचार कुठेही घेवो. दर लाखामागे किती रुग्ण, हे फक्त या दुसऱ्या प्रकारातून कळतं. देशातली अशी पहिली रजिस्ट्री इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत सुरू केली. पुण्याची नोंदणीही त्याच संस्थेने सत्तरच्या दशकात उभी केली. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री सुरू झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा (आयसीएमआर) राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम १९८१ च्या अखेरचा, आणि आज तो आयसीएमआरचीच बंगळुरूची एनसीडीआयआर ही आजारांच्या माहितीवर काम करणारी संस्था चालवते. तिच्या २०२० च्या अहवालात लोकसंख्येवर आधारित २८ रजिस्ट्र्या आहेत. हा अहवाल एनसीडीआयआरच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. निदान पुण्याचे तक्ते तरी बारकाईने वाचा.

आपल्याकडे कॅन्सर हा देशभर सक्तीने कळवायचा आजार नाही. काही राज्यांनी तसा नियम केला आहे, पण एरवी रजिस्ट्रीचे कर्मचारी स्वतः रुग्णालयांत, पॅथॉलॉजी लॅबमध्ये आणि मृत्यू नोंदणीच्या दप्तरात जाऊन माहिती गोळा करतात.

एक नोंद हातात धरून बघा

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण असं रोज घडतं. केजच्या एक मावशी छातीत गाठ लागली म्हणून हडपसरला भाच्याकडे येतात. मार्चमध्ये एका लॅबमध्ये सुईची तपासणी होते, तिथे नाव ‘सुनंदा’. एप्रिलमध्ये एका रुग्णालयात बायोप्सी होते, तिथे ‘सुनंदाबाई’. ऑपरेशन तिसऱ्याच ठिकाणी, आणि तिथल्या केसपेपरवर नुसतं ‘एस.’ आणि आडनाव. वय एकीकडे ५२, दुसरीकडे ५५. पत्ता मात्र तिन्हीकडे हडपसरचा.

आता या तीन बायका की एक? आणि पुण्याच्या आकड्यात त्यांना धरायचं का? आपल्या रजिस्ट्र्यांचा नियम असा की त्या भागात किमान एक वर्ष राहणाऱ्यालाच तिथला रहिवासी मानायचं. म्हणजे मावशी पुण्याच्या आकड्यात येत नाहीत. हे कुठलंही सॉफ्टवेअर आपोआप सांगत नाही. एमआरडीत, म्हणजे रुग्णालयाच्या वैद्यकीय नोंद विभागात, बसलेल्या माणसाला “पुण्यात कधीपासून राहता?” हा प्रश्न विचारावासा वाटला पाहिजे. पुण्यासारख्या, अख्ख्या मराठवाड्यातून आणि पश्चिम महाराष्ट्रातून रुग्ण येणाऱ्या शहरात हा एक प्रश्न राहून गेला तर दर फुगतो.

शक्य असेल तर ओळखीच्या रुग्णालयाच्या एमआरडीत रीतसर परवानगी घेऊन काही आठवडे बसा. यापेक्षा चांगलं प्रशिक्षण मला माहीत नाही.

कोड द्यायला शिका

कॅन्सरसाठी आयसीडी-ओ-३ ही पद्धत वापरतात. तिच्यात जागेचा एक कोड आणि पेशींच्या प्रकाराचा दुसरा. स्तनाचा वरचा बाहेरचा भाग म्हणजे सी ५०.४, आणि तिथला नेहमी आढळणारा डक्ट कार्सिनोमा (दूधनलिकेचा कॅन्सर) ८५००/३. तिरक्या रेघेपुढचा ३ म्हणजे मूळ जागेचा, आजूबाजूला पसरू शकणारा कॅन्सर; २ म्हणजे अजून जागच्या जागी असलेला. नवशिक्याची ठरलेली चूक अशी: रिपोर्टात ‘यकृतात पसरलेला ॲडिनोकार्सिनोमा’ दिसला की तो यकृताचा कोड टाकतो. कोड मूळ जागेचा द्यायचा असतो. मूळ जागा शोधूनही सापडली नाही तरच सी ८०.९.

सरावासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या ‘सीअर’ कार्यक्रमाचे प्रशिक्षण धडे ऑनलाइन आणि फुकट आहेत. शरीररचना आणि वैद्यकीय शब्द तिथून शिका. एकाच माणसाला दोन वेगळे कॅन्सर झाले तर मोजायचे कसे, याचे नियम मात्र तिथले घेऊ नका. ते लियाँच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे, म्हणजे आयएआरसीचे घ्या. दोन्हींत फरक आहे.

मग संगणक

आयएआरसीचं कॅनरेग ५ हे रजिस्ट्रीच्या नोंदी ठेवण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लॅपटॉपवर टाका आणि चाळीस-पन्नास काल्पनिक रुग्ण भरा. मुद्दाम चुका करा: पुरुषाला गर्भाशयमुखाचा कॅन्सर, जन्मतारखेच्या आधीचं निदान, ‘सुनंदा’ आणि ‘सुनंदाबाई’. कुठल्या चुका पकडल्या जातात आणि कुठल्या निसटतात ते लिहून काढा. निसटलेल्या चुकांची ती यादी जपून ठेवा.

पाषाणला सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था आहे आणि आरोग्य नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र, एनआरसीईएस, तिथेच चालतं. स्नोमेड सीटी ही संगणकात वापरायची वैद्यकीय शब्दावली आहे; ती सांभाळणाऱ्या संस्थेचा भारत सदस्य असल्याने आपल्याला ती विनाशुल्क वापरता येते. परवाना या केंद्राकडूनच घ्यायचा. रुग्णालयांच्या संगणकातून रजिस्ट्रीकडे माहिती थेट यावी असं वाटत असेल, तर ही शब्दावली आणि आरोग्य नोंदींच्या देवाणघेवाणीचं एफएचआयआर हे मानक शिकावंच लागेल.

रीतसर शिक्षण

डॉक्टर, नर्स, आयुष किंवा जीवशास्त्राच्या पदवीधरांनी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मास्टर ऑफ पब्लिक हेल्थचा विचार करावा. आयटीवाल्यांना सी-सीएटी ही प्रवेश परीक्षा देऊन सी-डॅकचा बिग डेटाचा पदविका कोर्स करता येतो, पण त्याला साथरोगशास्त्राची, म्हणजे लोकांमध्ये कुठला आजार किती आणि का आढळतो याच्या अभ्यासाची, जोड हवीच. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा ‘हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स’ हा एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावरचा कोर्स त्यासाठी पुरेशी सुरुवात आहे. शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षेला लागतात. खारघरला टाटा मेमोरियलचं कर्करोग साथरोगशास्त्र केंद्र आहे आणि आयएआरसीचं रजिस्ट्री प्रशिक्षणाचं प्रादेशिक केंद्रही टाटा मेमोरियलकडेच आहे. तिथल्या कार्यशाळांवर लक्ष ठेवा. पुण्याहून ते जवळ पडतं.

दर काढायला आर (R) हे सांख्यिकीचं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. वयानुसार प्रमाणित दर (वयोरचना वेगळी असलेल्या भागांची तुलना करता यावी म्हणून काढलेला दर) म्हणजे काय ते आधी कागदावर सोडवा. छेदाकडे, म्हणजे ज्याने भागायचं त्या लोकसंख्येकडे, विशेष लक्ष द्या. शेवटची जनगणना २०११ ची आणि वाघोलीसारखी गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. रुग्ण नव्या हद्दीतले आणि लोकसंख्या जुन्या हद्दीची धरली, तर आजार न वाढताच दर वाढलेला दिसेल.

अर्ज करताना

सरावात खऱ्या रुग्णाचं नाव, फोन नंबर किंवा रिपोर्टचा फोटो कधीही वापरू नका, मित्राने विश्वासाने दिला तरीही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट ही की अनेक घरांत हा आजार शेजाऱ्यांनाही सांगितलेला नसतो.

रजिस्ट्री किंवा रुग्णालयाला पत्र लिहाल तेव्हा प्रमाणपत्रांच्या आधी एक पान जोडा: तुमच्या काल्पनिक नोंदी, दिलेले कोड आणि निसटलेल्या चुकांची ती यादी. पगाराच्या जागेबरोबरच दोन-तीन महिन्यांच्या इंटर्नशिपचीही विचारणा करा, आणि लॅबमधून माहिती गोळा करायला फिरण्याची तयारी आहे हे त्यात आवर्जून लिहा.