इंजिन बदललं, तरी मिसफायर जात नाही? दोष असा शोधा

ट्रकमध्ये दुसरं इंजिन बसवलं, चावी फिरवली, इंजिन सुरूही झालं. पण आयडलला सगळी केबिन थरथरते, सायलेन्सरमधून ठरावीक अंतराने फट-फट येतं आणि चढावर गाडी ओढतच नाही. अशा वेळी बहुतेक जण आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग इंजेक्टर. खिसा रिकामा होतो आणि मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल नीट न पेटणं, जागच्या जागी राहतो. हा कारभार अंदाजपंचे आहे. इंजिन आधीच्या गाडीत नीट चालत असेल, तर पहिला प्रश्न एकच: अदलाबदल करताना हात कुठे-कुठे लागला? वायरिंग, अर्थिंग, सेन्सर, व्हॅक्यूमच्या नळ्या, इसीयू (इंजिन चालवणारा संगणक). नवं आणि जुनं जिथे जोडलं गेलं, तिथेच दोष असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

इथे विचार केला आहे तो फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल व्ही-८ इंजिनांचा. उदाहरणं मुख्यतः जनरल मोटर्सच्या (जीएम) इंजिनांची आहेत, कारण पिकअप ट्रकमध्ये ती फार मोठ्या प्रमाणावर बसवली जातात. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, त्याची तपासणी वेगळ्या वाटेने जाते.

आधी खात्री करा: हा मिसफायरच आहे ना?

थरथर म्हणजे मिसफायर असं नाही. १९८६ पासूनच्या शेवरलेच्या जुन्या कुळातल्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ ला (नंतरच्या एलएस कुळाला नव्हे) बॅलन्सचं वजन असलेला फ्लायव्हील किंवा फ्लेक्सप्लेट (ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत फ्लायव्हीलच्या जागी असणारी चकती) लागतो. त्याआधीच्या ३५० (५.७ लिटर) इंजिनाचा फ्लेक्सप्लेट त्यावर चालत नाही. चुकीचा बसला तर इंजिन सगळ्या सिलिंडरवर व्यवस्थित चालत असूनही थरथरतं. आरपीएम वाढवत न्या. थरथर एकसारखी वाढत गेली आणि स्कॅनरवर (इसीयूमधली माहिती वाचणारं यंत्र) मिसफायरचा आकडा शून्यच राहिला, तर इग्निशनला हात लावू नका. बॅलन्स, इंजिन माउंट आणि टॉर्क कन्व्हर्टरचे बोल्ट बघा.

उलटंही घडतं. इंजिन लोण्यासारखं चालतं, पण मिसफायरचा आकडा चढत राहतो. इसीयू मिसफायर ऐकत नाही, तो क्रँकच्या गतीतले बारीक चढउतार मोजतो. प्रत्येक क्रँकच्या दातेरी चक्रात थोडी-थोडी त्रुटी असते आणि इसीयूने ती शिकून ठेवलेली असते. इंजिन बदललं की ती शिकवण निरुपयोगी होते. जीएमच्या गाड्यांत स्कॅनरने 'क्रँक व्हेरिएशन रीलर्न' करून घ्यावं लागतं. स्कॅनरवर पी०३१५ हा दोषाचा कोड दिसला, तर ते झालेलं नाही असं समजा.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली जाळी वितळते आणि एक्झॉस्ट तुंबतो. मग मूळ दोष निघाला तरी इंजिन श्वास घेत नाही.

कोणता सिलिंडर, कोणत्या क्षणी

पी०३०० म्हणजे मिसफायर कुठे एका जागी ठरत नाही. पी०३०१ ते पी०३०८ मध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम (दोष पकडला त्या क्षणाची इसीयूने साठवलेली नोंद) लिहून ठेवा: आरपीएम, लोड, इंजिनाचं तापमान. थंड इंजिनाला होणारा मिसफायर आणि चढावर होणारा मिसफायर ही दोन वेगळी दुखणी आहेत.

सिलिंडरचे क्रमांक मोजताना फसायला होतं. ड्रायव्हरसारखं पुढे तोंड करून बसलं, तर जीएमच्या व्ही-८ मध्ये डाव्या बाजूला १-३-५-७ आणि उजव्या बाजूला २-४-६-८. फोर्डमध्ये उजवीकडे १ ते ४, डावीकडे ५ ते ८. फोर्डवर हात बसलेला माणूस जीएमचं इंजिन उघडतो, तेव्हा दुखणं एका सिलिंडरचं आणि तपासणी दुसऱ्याची, असा प्रकार सहज होतो.

आता आकड्यांतला नमुना वाचा. एकच सिलिंडर मिस करत असेल तर त्याचा प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा व्हॉल्व्ह. शेजारचे दोन असतील तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. एका बाजूचे चारही असतील तर त्या बाजूच्या कॉइलचा फ्यूज, अर्थिंग किंवा ऑक्सिजन सेन्सर. १, ४, ६ आणि ७ यांपैकीच सिलिंडर मिस करत असतील आणि इंजिन पेट्रोल वाचवायला काही सिलिंडर बंद करणाऱ्या यंत्रणेचं असेल, तर लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारा भाग) अडकलेला असू शकतो. अशा यंत्रणेच्या जीएमच्या बहुतेक व्ही-८ मध्ये हेच चार सिलिंडर बंद होतात.

आणि २, ३, ४, ७ एकदम मिस करत असतील तर फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) तपासा. जुन्या स्मॉल-ब्लॉकची ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२, जीएमच्या नंतरच्या एलएस कुळाची १-८-७-२-६-५-४-३. वेगळा इसीयू लावताना जुनी ऑर्डर भरली, की बरोबर हे चारच सिलिंडर चुकीच्या वेळी ठिणगी घेतात.

जोड तपासा

सुरुवात अर्थिंगपासून. याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकच्या उघड्या धातूला लावा आणि स्टार्टर मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग कमकुवत आहे. हेच सिलिंडर हेडवर आणि इसीयूच्या अर्थ पिनवर करा. ताज्या रंगावर कसलेला बोल्ट दिसायला झकास दिसतो, पण करंट सोडत नाही. कॉइलच्या हार्नेसची अर्थिंग अनेक इंजिनांत हेडच्या मागे असते. इंजिन खाली बसल्यावर तिथे हात पोचत नाही, म्हणून ती राहून जाते.

मग क्रँक सेन्सर. एलएस कुळात आधीच्या इंजिनांचं, सेन्सर वाचतो ते दातेरी चक्र २४ दात्यांचं, नंतरच्यांचं ५८ दात्यांचं. इसीयू आणि चक्र जुळलं नाही तर इंजिन सहसा सुरूच होत नाही. त्यामुळे तुमचं इंजिन सुरू होऊन मिस करत असेल, तर हा मुद्दा बाजूला ठेवा आणि सेन्सरची वायर एक्झॉस्टला टेकून जळली आहे का एवढं बघा.

१९९६ पासूनच्या ५.७ लिटर व्होर्टेकमध्ये (जीएमचं जुन्या स्मॉल-ब्लॉक कुळातलं इंजिन) डिस्ट्रिब्युटर, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा भाग, असतो, पण तो फिरवून टायमिंग बदलत नाही. टायमिंग इसीयू ठरवतो. डिस्ट्रिब्युटर एक दाता चुकून बसला, तर ठिणगी टोपीत शेजारच्या टोकावर उडी मारते. स्कॅनरवर 'कॅम रिटार्ड ऑफसेट' शून्याच्या आसपास, दोन अंशांच्या आत हवा. पी१३४५ हा कोड हेच सांगतो. टायमिंग लाइट लावून डोकेफोड करणाऱ्यांना हे माहीत नसतं.

ऑक्सिजन सेन्सरचे दोन कनेक्टर डावे-उजवे बदलले जाणं ही तर इंजिन बदलण्याचीच खास चूक. इसीयू एका बाजूचं वाचतो आणि दुसरीला सुधारायला जातो. रोग म्हशीला, इंजेक्शन पखालीला! एका बाजूचा फ्युएल ट्रिम (इसीयू पेट्रोल किती वाढवतो-घटवतो त्याची टक्केवारी) अधिक २५ कडे आणि दुसऱ्या बाजूचा उणे २५ कडे धावत असेल, तर कनेक्टर अदलून बघा.

दोष हलतो का?

एकाच सिलिंडरचा मिसफायर असेल तर त्याची कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावा. पी०३०३ चा पी०३०५ झाला, तर कॉइल दोषी. नाही झाला तर प्लग, मग प्लगची वायर, मग इंजेक्टर. एका वेळी एकच वस्तू हलवायची. घाईत दोन हलवल्या, की दोष सापडूनही कोणाचा ते कळत नाही.

काढलेला प्लग नीट बघा. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी नाही, तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील, कोरडा आणि पांढरट असेल तर पेट्रोल कमी. पोर्सेलिनवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर ठिणगी बाहेरूनच पळते आहे, प्लग फेकून द्या. इंजेक्टरचा रोध बहुतेक गाड्यांत १२ ते १६ ओहमच्या दरम्यान येतो. आकडा नेमका किती यापेक्षा आठांमधला एखादा वेगळा आहे का, ते महत्त्वाचं.

हवा आणि पेट्रोल

फ्युएल ट्रिम आयडलला खूप अधिक आणि २५०० आरपीएमला शून्याकडे येत असेल तर कुठून तरी जादा हवा शिरते आहे. ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्ही (क्रँककेसमधला वायू इनटेकमध्ये ओढणारा व्हॉल्व्ह), इनटेक गॅस्केट बघा. आयडलला ठीक पण लोडवर ट्रिम वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय.

इथे एक सापळा आहे. थ्रॉटल बॉडी इंजेक्शनच्या जुन्या ट्रकचा पेट्रोल पंप ९ ते १३ पीएसआय दाबाचा. एलएसला सुमारे ५८ आणि ५.७ व्होर्टेकला ६० ते ६६ पीएसआय लागतात. इंजिन नवं, टाकीतला पंप जुना, तर कितीही कॉइल बदला. रेलवर गेज लावण्याआधी दाब सोडा आणि गरम एक्झॉस्टवर थेंब पडू देऊ नका.

कॉम्प्रेशन

इंजिनाचा इतिहास माहीत नसेल, भंगारातून आणलेलं असेल, तर ही पायरी सगळ्यात आधी घ्या. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह गंजून अडकतात. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, पेट्रोल आणि इग्निशन बंद. प्रत्येक सिलिंडरला सारखेच चार-पाच फेरे द्या. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्तीच्या ७५ टक्क्यांखाली नको.

कमी आला तर तो सिलिंडर कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टॉप डेड सेंटरला (पिस्टन सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) आणा, प्लगच्या भोकातून हवेचा दाब सोडा आणि कान लावा. थ्रॉटल बॉडीतून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंग. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट. हवा सोडताना क्रँक फिरू शकतो, म्हणून पाना क्रँकच्या बोल्टवर तसाच अडकवून ठेवू नका.

दोष निघाला की कोड पुसा आणि फ्रीझ फ्रेममध्ये लिहिलेल्या त्याच आरपीएमला, त्याच लोडवर, तेवढ्याच तापमानाला गाडी चालवून आठही सिलिंडरचे आकडे बघा. आवारात उभी ठेवून रेस करण्याने चढावरचा मिसफायर पकडता येत नाही.